गाजर गवत संपतं तिथपर्यंत

चिपळूणहून भोसरीला कोणी हवापालटाला जात नाही. लोक कामाला जातात, किंवा कामाला गेलेल्या माणसाला भेटायला जातात. मी दसऱ्याच्या आठवड्यात गेले ती दत्तामामाला, म्हणजे आईच्या धाकट्या भावाला, दवाखान्यात न्यायला. मामीचा आईला फोन आला होता. "वन्सं, ह्यांचा चेहरा बघवत न्हाई आता. मोठ्या दवाखान्यात जायचंय, पण तिथं इंग्रजी बोलणारं कुणीतरी पाहिजे." आईचे गुडघे दुखतात, बाबांना सुट्टी नव्हती, आणि घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. मी इंग्रजीतही फारशी बोलत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

निघताना आईनं पिशवीत खोबरेल तेलाची बाटली आणि मूठभर आमसुलं घातली. "काजू उतलाय का त्याला, ते विचार," ती म्हणाली. आमच्याकडे अंगावर काही उठलं की पहिला संशय झाडावर जातो. काजूच्या बीचा डीक लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. कैरीचा चीक ओठांवर उततो. खाजकुइलीच्या शेंगा वाळल्या की त्या वेलाखालून कोणी जात नाही. साधं पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात. लहानपणापासून मी हे ऐकत आले आहे, त्यामुळे पुरळाला कारण असतं आणि ते कारण कुठेतरी उगवलेलं असतं, असंच मला वाटायचं. भोसरीत कारण वेगळीकडे शोधतात, हे तिथे गेल्यावर समजलं.

भोसरी

मेट्रोच्या स्टेशनवर 'भोसरी' अशी पाटी वाचून मी उतरले. खाली आले तर भोसरी तिथे नव्हती. तो नाशिक फाटा होता. शेअर रिक्षावाल्यानं माझ्या हातातल्या पिशव्यांकडे पाहिलं.

"ताई, भोसरी पुढं हाय, लांब. बसा, एकच शीट राहिलंय."

पाटीवर मग भोसरी का लिहिलंय, असं मला विचारायचं होतं. माझ्याऐवजी शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाव लावायला काय जातंय राव!" रिक्षावाला म्हणाला. "आज भोसरी लावलंय, उद्या चाकण लावतील. उतरणाऱ्यानं चालायचं."

सगळे हसले. मीही हसले, पण खिडकीकडे तोंड करून.

मामाच्या गल्लीत शिरताना आधी आवाज येतो आणि मग वास. लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक, सरळ आवाज, आणि तापलेल्या तेलाचा वास. शटर अर्धी वर केलेली छोटी वर्कशॉप्स, त्यांच्यावर भाड्याच्या खोल्या, खोल्यांच्या कठड्यांवर एकाच निळ्या रंगाचे कंपनीचे शर्ट वाळत घातलेले. मामी खालच्या खोलीत मेस चालवते, दोघं वरच्या खोलीत राहतात. त्यांना मूलबाळ नाही. मेसला जेवणारी माणसं मामीला काकू म्हणतात आणि मामाला मामा.

मामा जिन्याच्या सावलीत बसला होता. "आलीस गो बाय?" तो म्हणाला आणि उजेडात आला.

त्याचा चेहरा सुजलेला नव्हता. मी तशी तयारी करून गेले होते. चेहरा जाड झाला होता. कपाळावरच्या आठ्या कोरल्यासारख्या खोल होत्या, पापण्या जड आणि काळपट-लाल, मानेची कातडी जुन्या चामड्याच्या पट्ट्यासारखी. फुल बाह्यांच्या शर्टातून तो सारखा कोपराची आतली बाजू दाबत होता. खाजवायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

त्यानं मला पाण्याचा तांब्या दिला तेव्हा त्याचे हात दिसले. हात अगदी स्वच्छ होते. तळव्यांवर जुने घट्टे, कापलेली नखं, एक चट्टा नाही. मला ते विचित्र वाटलं, पण का वाटलं ते सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मेसच्या पंगतीत मामाच्या आजाराची चर्चा सर्वांनी मिळून केली. मामी तव्यावर चपात्या टाकत होती. समोर मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेला भाताचा डोंगर. कोकणातली माणसं फक्त भात खातात अशी तिची समजूत आहे.

"ते कूलंटच हाय बघा," बालाजी म्हणाला. हा नांदेडकडचा, तिशीचा, मेसमधला सगळ्यात बोलका माणूस. लेथवर लोखंड कापताना थंड राहावं म्हणून दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते कूलंट. "माझ्या बी बोटाला उठलंय. मामा तर जन्मभर त्यात. अंगात भिनलंय ते."

"तीन वर्षं झाली ह्यांना मशीन सोडून," मामी म्हणाली. "मग अजून कुठलं भिनतंय?"

"काकू, जुनं इष निघायला येळ लागतो."

"तुला बरं ठाऊक! वाढ तिला चटणी."

मग मला सगळी हकीकत कळली. मामा गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता, रत्नागिरीतून आयटीआय करून आल्यापासून त्याच एका लेथवर. चेहऱ्यावर खाज सुरू झाली तेव्हा मालकापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे कूलंट म्हणाले. भोसरीत कातडी बिघडली तर दुसरं काही असूच शकत नाही. मामानं लेथ सोडला आणि चाकणकडे एका बंद पडलेल्या प्लॉटवर सिक्युरिटीची नोकरी धरली, मोकळ्या हवेत. त्या लेथवर आता बालाजी आहे.

"मोकळ्या हवेत वाढलंच," मामा म्हणाला. त्याचा स्वर तक्रारीचा नव्हता. दुसऱ्या कुणाच्या सायकलचं पंक्चर सांगावं तसं तो म्हणाला.

पिंपरी

सकाळी बसमध्ये मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. पिंपरीतल्या दवाखान्याची रांग लांब होती, त्यामुळे वाक्यं चांगली घासूनपुसून झाली. आत गेल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "या काका, बसा. कधीपासून आहे हे?" आणि माझी वाक्यं तशीच राहिली.

त्यांनी मामाची हनुवटी वर उचलली. मग कान दुमडून मागे पाहिलं. पापण्या बघितल्या, शर्टाचं वरचं बटण काढून गळ्याखाली बघितलं, पाठ बघितली. शर्टाखालची कातडी कोवळी आणि स्वच्छ होती.

"आमसुलाचं पाणी लावलं तर?" मी विचारलं. आईचं काम आधी संपवावं म्हणून. त्या दिवशी मी विचारलेला तो एकच प्रश्न.

डॉक्टर हसल्या नाहीत. "पित्ताला लावा. हे पित्त नाही. खोबरेल तेल मात्र चालेल. काका, काम काय करता?"

"आता सिक्युरिटी. आधी टर्नर. कूलंटनं झालं म्हणून सोडलं."

"कुणी सांगितलं कूलंटनं?"

"सगळ्यांनीच."

"हात दाखवा."

मामानं दोन्ही हात पुढे केले. त्या थोडा वेळ ते हात बघत राहिल्या. "काका, कूलंटमध्ये आधी काय जातं? चेहरा की हात?"

मामा आपल्याच हातांकडे पाहू लागला. मला आदल्या दिवशीचा तांब्या आठवला.

"उन्हानं असेल असंही वाटतं," त्या पुढे म्हणाल्या, "पण ऊन कानामागे पोचत नाही, हनुवटीखालीही नाही. तिथं पोचते ती हवेतली धूळ. पावसाळ्यात आणि पावसाळा संपताना वाढतं ना? कडक उन्हाळ्यात जरा कमी?" मामानं मान हलवली. "बसता तिथं काय उगवलंय?"

"काय असणार? गवत."

"कसलं?"

"गवतच."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही उद्या जाऊन बघा. हात लावू नका. फोटो काढून आणा."

मग त्यांनी मामाच्या पाठीवर लहान लहान चकत्यांच्या दोन ओळी चिकटवल्या. प्रत्येक चकतीत एकेका वस्तूचा अर्क होता: लोखंडकामातल्या, घरातल्या, रानातल्या. ज्याचं कातडीला वावडं असेल त्या चकतीखाली लाल होणार. चकत्या दोन दिवसांनी काढायच्या, आणि खरं उत्तर त्यानंतर आणखी दोन दिवसांनी. तोवर पाठीला पाणी नाही, घाम नाही.

मामा मेडिकलमधून आणून लावायचा ती ट्यूब त्यांनी हातात घेतली आणि बाजूला ठेवली. "ही किती दिवस?"

"लावली की बरं वाटतं," मामा म्हणाला. "मग पुन्हा."

"बरं वाटतं म्हणूनच वाईट. यात जोराचं औषध मिसळलेलं आहे. त्यानं चेहऱ्याची कातडी झिजलीय." त्यांनी दुसरं सौम्य मलम दिलं, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि गोळ्या आपल्या मनानं चालू ठेवायच्या नाहीत असं दोनदा सांगितलं.

चाकणकडे

मामा रजेवर होता, पण केबिनची किल्ली द्यायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि कंटेनरच्या रांगेत बस इतका वेळ उभी राहिली की ड्रायव्हर उतरून चहा पिऊन आला. आमच्याकडे इतका वेळ एस.टी. थांबली तर लोक एकमेकांच्या नातेवाइकांची चौकशी सुरू करतात. इथे सगळे फोनमध्ये पाहत होते, किंवा बसल्या बसल्या झोपले होते. रात्रपाळीची झोप माणसं अशी मिळेल तिथे घेतात.

फाट्यावर उतरून आत चालत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, कंपन्यांच्या भिंतींच्या मधल्या रिकाम्या जागांत, पांढरी फुलं होती. कोथिंबीर फुलावर यावी तशी बारीक, आणि पानंही गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. वाऱ्यानं सगळी एकदम हलत होती. खरं सांगायचं तर मला ते सुंदर वाटलं.

"याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"गाजर गवत. काँग्रेस पण म्हणतात. कुठंही येतं." तोंडाला मफलर गुंडाळलेला असल्यानं मामाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

प्लॉटवर अर्धी उभारलेली शेड होती, गंजलेले खांब, आणि खांबांच्या मध्ये कंबरेइतकं तेच गवत. एका कोपऱ्यात पत्र्याची केबिन. केबिनच्या भोवतालची जमीन मात्र मामानं झाडून ठेवली होती. गवत स्वतः हातमोजे घालून उपटलेलं, ढीग करून जाळलेलं. राखेची काळी वर्तुळं दिसत होती. पावसाळाभर तो हेच करत होता. जागा स्वच्छ असली की कातडीलाही बरं, असं त्याला वाटायचं. जाळताना धूर डोळ्यात जायचा, म्हणून तो मफलर.

केबिनच्या दारापाशी कूलंटचे निळे कॅन अर्धे कापून एका रांगेत ठेवले होते. त्यात शेवंती होती. काही पिवळी फुलं उमलली होती, बाकी कळ्या.

"ही तुझ्या मामीची," मामा म्हणाला. बोलताना पहिल्यांदाच त्याचा आवाज सैल झाला. "लेथवर होतो तेव्हा दर शुक्रवारी सुटल्यावर वेणी न्यायचो, बाजारातून. आधी भुसा आणि साबणानं हात घासायचे, तीन-तीनदा. तरी ती म्हणायची, वेणीला तेलाचा वास येतोय. मी बोटं हुंगून बघायचो. मला शेवंतीचाच वास यायचा." त्यानं एका कॅनमधलं पिवळं पान खुडलं. "ह्या नोकरीत वेळ भरपूर. म्हटलं, घरचीच लावू."

मी गवताचे फोटो काढले. एका फोटोत कडेला शेवंतीचे कॅनही आले आणि त्यांच्याकडे वाकलेला मामाही.

पुन्हा भोसरी

चकत्या काढल्या त्या दिवशी खंडेनवमी होती. डॉक्टरांनी फोटो पाहिले, "मला हेच वाटलं होतं," म्हणाल्या, पाठीवर पेनानं खुणा केल्या आणि मधली दसऱ्याची सुट्टी गेल्यावर शुक्रवारी या म्हणाल्या. तोवर गवतापासून लांब राहा. मामानं हो म्हटलं. फुलांविषयी कोणी काही बोललं नाही, कारण फुलांचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता.

आमच्याकडे खंडेनवमीला कोयती, नांगराचा फाळ आणि बाबांची स्कूटर यांची पूजा होते. भोसरीत त्या दिवशी आवाज बंद होतो. सगळ्या गल्लीत एकही मशीन चालू नव्हतं. शटर वर, फरशा धुतलेल्या, आणि दारादारात झेंडूचे ढीग. माणसं आंघोळ करून, टिळा लावून, रोज ज्या लोखंडाशी झगडतात त्याच्यासमोर चपला काढून उभी होती. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

बालाजी मामाला न्यायला आला. "चला मामा. मशीन तुमचंच हाय. हार तुमीच घालायचा."

"मी कशाला? तू चालवतोस."

"मी चालवायलो, पण वळण तुमीच लावलंय. अजून बी माझं ऐकत नाही ते." तो माझ्याकडे वळला. "ताई, सांगा की ह्यांना. तीन वर्षं झाली, दारापासनं जातात आन तोंड फिरवतात."

मामा गेला. त्यानं सकाळीच चाकणहून फुलं मागवून घेतली होती. सोबतच्या दुसऱ्या सिक्युरिटीनं कॅनमधली उमललेली शेवंती पिशवीतून आणून दिली होती, आणि मामानं झेंडूत ती गुंफून स्वतः हार केला होता. वर्कशॉपमध्ये लेथ चकचकीत पुसून ठेवला होता. समोर पाट, पाटावर पानं, हत्यारं, मोजमापाची साधनं, हळदकुंकू. मामानं हार घातला, नारळ फोडला, आणि मग तळहात लेथवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेला.

"चावलास रे मला," तो मशीनला हळूच म्हणाला. "जाऊ दे."

मी त्याच्या अगदी पाठीमागे होते, म्हणून मला ऐकू आलं.

दसऱ्याच्या सकाळी त्याचे डोळे उघडत नव्हते. पापण्या फुगून गालांवर टेकल्या होत्या. मामी जिलब्यांचं ताट तसंच ठेवून ओल्या फडक्यानं त्याचा चेहरा टिपत बसली. मेसमधली माणसं सोनं द्यायला म्हणून आपट्याची पानं घेऊन येत होती, दारातून बघत होती, आणि पानं उंबऱ्यावर ठेवून जात होती.

"बघा," बालाजी हळू आवाजात म्हणाला, "मशीनला हात लावला आन उठलं. मीच नेलं त्यांना." तो त्या दिवशी जेवला नाही.

शुक्रवारी डॉक्टरांनी पाठ पाहिली. पेनानं केलेल्या खुणांपैकी बऱ्याच रिकाम्या होत्या. कूलंटच्या, तेलाच्या, धातूच्या खुणांखालची कातडी इतरांसारखीच होती. एका खुणेखाली लाल उंचवटा आणि त्यावर बारीक फोड होते.

"हे गाजर गवत," त्या म्हणाल्या. मग बोट खालच्या ओळीत गेलं. तिथेही लाल होतं. "आणि हे शेवंतीचं. परवा फुलं हाताळली का?"

"पूजा होती. मीच हार केला."

"दोन्ही एकाच घराण्यातली झाडं. झेंडू, सूर्यफूल, तीही. एकाचं वावडं आलं की कधी कधी दुसऱ्याचंही येतं. शेवंतीला आता हात लावायचा नाही, काका. घरातही नको."

मामा शर्टाची बटणं लावत होता. तो थांबला. "म्हणजे मशीनचं काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

"कूलंटचं?"

"नाही, काका."

त्यानं उरलेली बटणं लावली. वरचं बटण चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलं.

डॉक्टर बाकीचं मला सांगत होत्या आणि मी फोनमध्ये टिपून घेत होते: बाहेरून आल्यावर लगेच आंघोळ, कपडे उघड्यावर वाळत घालायचे नाहीत, गवत उपटायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही, अंग कोरडं पडू द्यायचं नाही. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे सगळं करा. पण इथे हे गवत सगळीकडे आहे, आणि त्याची धूळ हवेत असते. जिथं ते नाही अशा ठिकाणी काही महिने राहता आलं तर सगळ्यात बरं. गाव कुठलं तुमचं?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चिपळूण."

"मग औषध तुमच्या गावातच आहे," त्या म्हणाल्या. त्यांना ती आनंदाची बातमी वाटली, आणि तशी ती होतीही.

मेसमध्ये हे कळलं तेव्हा बालाजी उभाच राहिला. "मग या की परत मशीनवर! मालकाला मी सांगतो. मी दुसरं बघतो काय बी."

"वर्कशॉपच्या मागं खिडकीपाशी काय उगवलंय बघितलंस कधी?" मामानं विचारलं.

बालाजी विचार करू लागला आणि मग खाली बसला. मागची भिंत मीही पाहिली होती. खिडकीच्या गजांपर्यंत पांढरी फुलं होती.

मामी कणीक मळत होती. "जावा," ती म्हणाली.

"तू पण चल."

"मी? तिथं काय करू, भात लावू? आन ही सगळी कुठं जेवतील?"

"दुसरी मेस बघतील."

"आन आपण काय खायचं, ते पण दुसरं कुणी बघंल व्हय?" तिनं कणकेचा गोळा उलटा केला. "मी हितलीच हाय. माझं समदं हितंच हाय. तुमी बरं व्हा. बरं झाल्याबिगर हिकडं फिरकू नका."

"नंदा."

"आता काय नंदा-नंदा. पीठ सुकतंय."

मामा उठून वर गेला. मामीनं कणकेवर ओलं फडकं टाकलं, आणि फडक्यावर हात ठेवून बसली. मी जवळ होते. काहीतरी म्हणायला हवं होतं. मी लाटणं पुढे घेतलं आणि लाट्या करायला लागले. ती माझ्या वेड्यावाकड्या लाट्यांकडे बघून म्हणाली, "इंग्रजी शाळेत हे शिकवत न्हाईत वाटतं," आणि पदरानं डोळे पुसले.

घाट

परतीच्या बसमध्ये मामाला खिडकी दिली आणि काच बंद ठेवली. साताऱ्यापर्यंत रस्त्याकडेला पांढरी फुलं होतीच. कराडपुढेही होती. मामाही तेच पाहतोय हे मला कळत होतं. कुंभार्ली घाटात धुकं आलं आणि काही दिसेना. उतार संपला तेव्हा बाहेर कारवी होती, भारंगी होती, ओल्या कातळावर शेवाळ होतं. नव्या भरावावर एके ठिकाणी दोन-चार रोपं दिसली, मग तीही नाहीत.

"संपलं काय गो?" मामानं विचारलं.

"संपलं."

त्यानं मफलर सोडला आणि घडी करून मांडीवर ठेवला. काच उघडावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी उघडली.

चिपळूण

दिवाळीत मेसमधली सगळी माणसं गावी जातात, म्हणून मामीची मेस बंद असते. ती दोन दिवसांसाठी आली. मामा आणि मी स्टँडवर गेलो. तोवर त्याचा चेहरा बराच निवळला होता. जाड कातडी सुटून खालची नवी, जरा फिकट दिसत होती, आणि पापण्या पूर्ण उघडत होत्या. आईच्या बागेत तो दिवसभर काहीतरी करत असायचा. रहाटाचा कुरकुरणारा आस त्यानं काढून घासून बसवला होता. आता रहाटाचा आवाज येत नव्हता, आणि त्याला पुन्हा काही काम उरलं नव्हतं.

मामी बसमधून उतरली. नवी साडी होती, न्हालेले केस घट्ट बांधलेले होते. केसांत काही नव्हतं. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

ती मामाकडे बघत राहिली. "चेहरा आला की वो परत," ती म्हणाली.

मामानं स्टँडबाहेरच्या बाईकडून अबोलीचा वळेसर घेतला. ह्या फुलाचं काही वावडं नाही ना, हे त्यानं मला आधीच दोनदा विचारून घेतलं होतं. मामीनं तिथेच पाठ फिरवली आणि त्यानं तो तिच्या केसांत माळला. तिनं हात मागे नेऊन वळेसर चाचपला, बोटं नाकाशी आणली.

"वास न्हाई ह्याला."

"नसतो."

"रंग चांगला हाय पर," ती म्हणाली.

दोन दिवस तिनं आईला बसू दिलं नाही. मासे कसे साफ करायचे ते शिकून घेतलं आणि ते खाल्ले मात्र नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची बस होती. बालाजी आणि बाकीची माणसं संध्याकाळपर्यंत भोसरीत परतणार होती आणि त्यांना जेवायला हवं होतं. मामानं पुन्हा वळेसर घेतला, पुन्हा तिच्या केसांत माळला. बस सुरू झाली. खिडकीतून तिनं ओरडून सांगितलं, "गोळ्या मनानं वाढवू नका!"

बस घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही उभे होतो. मग मामानं उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली. थोडा वेळ तशीच धरली, आणि खाली घेतली.

"चल गो बाय," तो म्हणाला.